कोष्टकातली अमावास्या

सकाळी सहा

चहा उकळेपर्यंत आजच्या तासाची फाइल कापून होते. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे दर येतात. बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर असे त्याचे रकाने. त्यातले कांद्याचे काही वर्षांचे आकडे मी जमवून ठेवले आहेत. त्यांतला एक तुकडा घेते आणि मुद्दाम आहे तसा ठेवते. तारीख कुठे 03/07 अशी, कुठे ‘3 जुलै’ अशी. आवक कुठे नुसती, कुठे स्वल्पविराम घातलेली. गावाच्या नावापुढे एखादी रिकामी जागा, जी डोळ्यांना दिसत नाही पण संगणकाला दिसते. मुलांना साफ केलेली फाइल देणं म्हणजे निवडलेली भाजी हातात देऊन स्वयंपाक शिकवल्याचं समाधान मानणं.

जगभरच्या डेटा ॲनालिसिसच्या पहिल्या धड्यात बहुधा आयरिसची फुलं असतात. तीन जातींची प्रत्येकी पन्नास, एकूण 150 फुलं आणि त्यांच्या पाकळ्या वगैरेंची मापं. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने 1936 साली ती आपल्या निबंधात वापरली आणि तेव्हापासून ती पाठ्यपुस्तकांतून हललेली नाहीत. उदाहरण चांगलंच आहे. पण आमच्या निफाड तालुक्यातल्या कॉलेजात आयरिसचं फूल कुणी पाहिलेलं नाही. एखाद्या पाकळीची लांबी कोष्टकात पन्नास सेंटिमीटर पडली तरी वर्ग ती मुकाट्याने उतरवून घेतो. कांद्याचा भाव क्विंटलला अठरा रुपये दिसला, तर पाच जण एकदम ओरडतात, ‘‘मॅडम, हा किलोचा आहे!’’ ज्या आकड्यावर शंका घेता येते तोच आकडा शिकायला उपयोगाचा, असं माझं मत आहे, आणि म्हणून आमच्याकडे फुलं नाहीत, कांदे आहेत.

सव्वासात

लासलगावकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागून स्कूटी. जुलै म्हणजे साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर निघण्याचे दिवस. ओव्हरटेक करायची घाई कुणी करत नाही, मीही नाही.

आठ

लॅब उघडते. शिपाईकाका आधी यूपीएसचा आवाज ऐकतात, मग मेन स्विच लावतात. यंत्रं जुनी आहेत. सुरू होताना त्यांना जितका वेळ लागतो तितक्यात फळ्यावर आजची तारीख, विषय आणि फाइल कुठे ठेवली आहे ते लिहून होतं. नवख्यांना पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायला आम्ही थॉनी वापरतो. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तयार झालेलं हे साधं, फुकट सॉफ्टवेअर जुन्या पीसीवरही बिनतक्रार चालतं. शिवाय प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवून, कोणत्या नावात आत्ता काय किंमत आहे ते शेजारी दाखवतं. पहिल्या महिन्यात याहून जास्त काही लागत नाही.

एक कपाट जर्नलांचं आहे. अभ्यासक्रमाच्या नियमाप्रमाणे मुलांनी प्रत्येक प्रोग्रॅम निळ्या पेनाने कागदावर उतरवायचा असतो. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा व्याकरणाचा भाग आहे. ती जागा रेघांच्या वहीत कशी मोजायची, हे नियम करणाऱ्यांनी अजून सांगितलेलं नाही.

पावणेनऊ: प्रथम वर्ष

वर्गात कलाशाखेची मुलं आहेत, वाणिज्यची आहेत, विज्ञानाची आहेत. बहुतेकांनी एमएस-सीआयटी केलंय. म्हणजे संगणकाची भीती नाही, पण आजवर संगणक जे विचारेल त्याला ‘ओके’ म्हणायची सवय आहे. आता त्याला काय करायचं ते आपण सांगायचं.

पहिली अडचण लाल अक्षरांची. प्रोग्रॅम अडला की पायथन चार-सहा ओळींचा इंग्रजी मजकूर टाकतो आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं तो दिसताक्षणी हात वर करतात: ‘‘मॅडम, एरर आला.’’ आला हे मलाही दिसतं. काय आला? यावर शांतता. म्हणून वर्गात एक नियम आहे. लाल मजकुराची शेवटची ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय मला बोलवायचं नाही. शेवटचीच, कारण पायथन चुकीचा माग वरून खाली देतो आणि नेमकं काय बिनसलं ते तळाशी सांगतो. नेमएरर म्हणजे हे नाव मला कुणी सांगितलेलं नाही. टाइपएरर म्हणजे या दोन गोष्टींवर ही क्रिया होत नाही. इंडेंटेशनएरर म्हणजे ओळीची सुरुवात सरकली आहे. अलीकडच्या आवृत्त्या तर, तुम्हाला अमुक नाव म्हणायचं होतं का, असंही विचारतात. आठवडाभर मोठ्याने वाचन चाललं की निम्मे हात आपोआप खाली राहतात.

आजचा प्रोग्रॅम एवढाच: दोन ट्रॉल्यांचं वजन विचारायचं आणि बेरीज दाखवायची. एकाने 20 आणि 30 क्विंटल टाकले. उत्तर आलं 2030. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘शेतकऱ्याचा फायदाच झाला की!’’ वर्ग हसला आणि पुढचं काम सोपं झालं. वापरणाऱ्याने टाइप केलेलं सगळं पायथन अक्षरं म्हणून घेतो. अक्षरांची बेरीज म्हणजे एकाला दुसरं चिकटवणं. आकडा हवा असेल तर तसं सांगावं लागतं. हे मी आधी सांगितलं असतं तर वहीत गेलं असतं. 2030 पाहिल्यावर ते कुणी विसरत नाही.

एका मुलीने मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून अंक टाकून पाहिले, तेही देवनागरी. अक्षरांचं पूर्णांकात रूपांतर करणाऱ्या इंट फंक्शनने ते बिनतक्रार घेतले. तिला नवल वाटलं. युनिकोडमध्ये देवनागरी विभागातल्या प्रत्येक अंकासोबत त्याची किंमतही नोंदलेली असते, म्हणून हे जमतं. मात्र प्रोग्रॅमच्या मजकुरात थेट देवनागरी अंक लिहिले तर पायथन ते नाकारतो. आणि गंमत म्हणजे नावं चालतात. ‘भाव’ किंवा ‘आवक’ अशी देवनागरी नावं पायथन 3 मध्ये रीतसर देता येतात. दोन-तीन जणांनी लगेच तसा प्रोग्रॅम लिहिला. कीबोर्ड सारखा बदलायला कंटाळून तासाच्या शेवटी ते रोमन लिपीवर परतले, तो भाग वेगळा.

मग मी ‘कांदा’ या शब्दाची लांबी विचारली. वर्ग म्हणाला दोन. पायथन म्हणाला पाच: क, काना, अनुस्वार, द, काना. ‘‘संगणक बाराखडी फोडून वाचतो,’’ असं एकाने स्वतःच सांगितलं. माझ्या व्याख्येपेक्षा ते बरं होतं, म्हणून फळ्यावर तेच लिहिलं.

साडेदहा

चहा. स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास विचारतं की पायथनला सापाचं नाव का दिलं. सापाचं नाही. गिडो व्हान रोसमने 1989 च्या नाताळच्या सुटीत ॲम्स्टरडॅममध्ये ही भाषा करायला घेतली आणि ‘मॉन्टी पायथन’ या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून नाव ठेवलं. 1991 साली ती लोकांपुढे आली. उत्तर दिल्यावर तोच प्रश्न पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

अकरा: द्वितीय वर्ष, प्रॅक्टिकल

हा दिवसाचा मुख्य भाग. इथे पांडाज येतं, पायथनमधलं कोष्टकं हाताळायचं साधन. अमेरिकेत एका गुंतवणूक कंपनीत काम करताना वेस मॅकिनीने 2008 मध्ये ते लिहायला घेतलं, कारण रोजच्या आर्थिक आकड्यांची उलथापालथ करायला पायथनमध्ये सोयीचं काही नव्हतं. रोजचे आकडे, मधल्या सुट्ट्या, गहाळ नोंदी, तारखांचा घोळ या त्याच्या अडचणी होत्या. बाजार समितीच्याही त्याच आहेत. म्हणून हे हत्यार आमच्या हाताला बसतं.

फाइल उघडायला एक ओळ लागते. ती ओळ लिहून झाली की सगळ्यांना लगेच आलेख हवा असतो. मी देत नाही. आधी पहिल्या दहा ओळी पाहायच्या, मग शेवटच्या दहा, मग एकूण ओळी किती, रिकाम्या जागा किती, कोणता रकाना आकडा म्हणून आलाय आणि कोणता अक्षरं म्हणून. आणि मग वहीत मराठीत एक वाक्य लिहायचं: या कोष्टकातली एक ओळ म्हणजे काय? सोपा वाटणारा हा प्रश्न वर्गाला वीस मिनिटं पुरतो. ‘एक ओळ म्हणजे एक दिवस,’ असं पहिलं उत्तर येतं. मग कुणाच्या लक्षात येतं की एकाच तारखेला लासलगावच्या दोन ओळी आहेत. ‘एक दिवस, एक बाजार समिती.’ तरीही दोन. अखेर कुणीतरी जातीचा रकाना पाहतं: एक लाल, एक उन्हाळी. एक ओळ म्हणजे एका दिवशी, एका बाजार समितीत, एका जातीचा व्यवहार. हे वाक्य ज्याने लिहिलं नाही त्याची पुढची प्रत्येक बेरीज संशयास्पद.

त्यानंतर सरासरी. महिन्याच्या सर्वसाधारण दरांची सरासरी काढली की मुलांना वाटतं, शेतकऱ्याला सरासरी एवढे मिळाले. मी फळ्यावर दोनच दिवस मांडते. एके दिवशी वीस हजार क्विंटल आवक, दर 1500. दुसऱ्या दिवशी पावसामुळे पाचशेच क्विंटल, दर 2500. साधी सरासरी 2000 येते. पण दोन दिवसांत विकलेल्या एकूण मालाचे एकूण पैसे भागिले एकूण क्विंटल केले तर सुमारे 1524. आपल्याला दोन हजार मिळाले असं म्हणणारा शेतकरी बाजारात शोधून सापडणार नाही, कारण जवळजवळ सगळा माल पंधराशेने गेला. ‘‘म्हणजे पेपरात सरासरी दोन हजार छापून आलं तर?’’ एका मुलाने विचारलं. तर खाली आवक छापली आहे का ते बघ, म्हटलं.

तारखांचा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. 03/07 ही आपली 3 जुलै. महिना आधी लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीने ती 7 मार्च. दिवस आधी आहे हे पांडाजला स्पष्ट सांगावं लागतं. मार्चात उन्हाळ कांदा नुकता निघू लागलेला असतो, जुलैत तो चाळीत असतो. तारीख उलटली की हंगामच उलटतो.

मग रिकामे दिवस. वर्गाने काही महिन्यांच्या तारखांची यादी केली आणि ज्या दिवशी एकही ओळ नाही ते दिवस वेगळे काढले. रविवार, सणवार गेले. तरी काही दिवस उरले. एका महिन्यात एखादा, पुढच्या महिन्यात पुन्हा एखादा. अंतर मोजलं तर एकोणतीस-तीस दिवसांचं. अंदाज सुरू झाले. सर्व्हर बंद असेल. संप असेल. महिन्याचा हिशेब असेल. एका मुलीने तर आठवड्याचे वार मांडून पाहिले, त्यातून काही निघेना. कोपऱ्यातला एक मुलगा, जो सहसा तोंड उघडत नाही, म्हणाला, ‘‘मॅडम, अमावास्या असेल.’’ त्याच्या घरी कांद्याची चाळ आहे. अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी प्रथा नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांत होती, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. मोबाइलवर कॅलेंडर निघालं. तारखा जुळल्या.

आता खरा प्रश्न: या दिवशी कोष्टकात काय लिहायचं? शून्य लिहिलं तर भावाची सरासरी कोसळते, आणि त्या दिवशी कांदा फुकट गेला असा अर्थ होतो. आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढला तर जो व्यवहार झालाच नाही त्याचा दर आपण छापतो. रिकामं ठेवलं तर पांडाज सरासरी काढताना ते दिवस सोडून देतं. बहुतेकांनी रिकामं ठेवायचं ठरवलं. आवकेच्या रकान्यात मात्र शून्यच बरोबर, असा त्या कोपऱ्यातल्या मुलाचा मुद्दा होता: माल आला नाही म्हणजे आवक शून्य, पण भाव शून्य नाही. एकाच दिवसाच्या दोन रकान्यांना दोन न्याय. मी त्यात एका शब्दाची भर घातली नाही. गृहपाठ दिला: अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आवक वाढलेली दिसते का आणि भावावर त्याचा काही परिणाम दिसतो का, ते शोधा. ‘दिसत नाही’ हेही उत्तर चालेल, पण आकड्यांसह.

दीड

डबा. इतिहासाचे सर माझ्या पोरांना ‘डेटावाले’ म्हणतात आणि दर काही दिवसांनी आठवण करून देतात की हे काम पुण्यात फार आधी झालंय. खरं आहे ते. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना प्राचीन आहत नाणी वजन करत बसले, हजारो नाणी. नाणं वापरात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन घटतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. त्यावरून कोणती नाणी आधीची, कोणती नंतरची याचा क्रम त्यांनी लावला. लेख नाही, तारीख नाही, फक्त तराजू आणि संख्याशास्त्र. सरांचं म्हणणं असं की कोसंबींना पायथन येत नव्हतं आणि तुमच्या पोरांना नाणी माहीत नाहीत. मी म्हटलं, पोरांना कांदा माहीत आहे.

दुसरा रोजचा विषय चॅटजीपीटीचा. मुलं वापरतात, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रोग्रॅम बहुतेक वेळा बरोबरच येतो. मी बंदी घातलेली नाही. फक्त प्रत्येक ओळ काय करते ते समोर उभं राहून सांगता आलं पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. रिकाम्या दिवसांचं कारण अमावास्या असू शकेल का, असं विचारलं तर ते यंत्रही कदाचित हो म्हणेल. पण आज तो प्रश्न कोपऱ्यातल्या मुलाला सुचला, कारण त्या दिवशी त्याच्या घरचा ट्रॅक्टर उभा असायचा.

सव्वादोन: तीच बॅच, दुसरं कोष्टक

दुपारची झोप उडवायला जनगणना बरी. 2011 च्या जनगणनेतलं महाराष्ट्राचं जिल्हावार कोष्टक आणि अलीकडचं दुसरं एक जिल्हावार कोष्टक जिल्ह्याच्या नावावर जोडायचं. पांडाजमध्ये यालाही एकच ओळ लागते, आणि तीच घातक. काही न सांगता जोडलं तर दोन्हीकडे सापडणारी नावंच ते ठेवतं. बाकीच्या ओळी आवाज न करता गळतात. एरर येत नाही. लाल अक्षरांना घाबरणारी मुलं इथे आनंदात असतात, कारण लाल काही दिसतच नाही.

‘‘किती जिल्हे आले?’’ मोजल्यावर चेहरे उतरले. मग शोध सुरू. 2011 मध्ये राज्यात 35 जिल्हे होते. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जुन्या कोष्टकात औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहेत, नव्यात छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जनगणनेच्या इंग्रजी कोष्टकात बीडचं स्पेलिंग बी-आय-डी, इतरत्र बी-ई-ई-डी. रायगडच्या शेवटी एकीकडे आर-एच, दुसरीकडे नुसता डी. नावांची एक तक्त्यासारखी यादी करून जुनं-नवं जुळवलं की बहुतेक प्रश्न सुटतात. पालघरचा सुटत नाही. जुन्या ठाण्याचे आकडे नव्या ठाण्याशी जोडले तर चूक, वाटून टाकले तर अंदाज. नीट करायचं तर तालुकावार आकडे घेऊन पालघरचे तालुके वेगळे काढावे लागतात. दोन मुलींनी ते अंगावर घेतलं.

बाकीच्यांनी लिंगगुणोत्तराची क्रमवारी लावली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया: रत्नागिरी 1122, सिंधुदुर्ग 1036. तळाशी मुंबई शहर 832. एकाने लगेच निष्कर्ष लिहिला, ‘कोकणात मुलींना जास्त मान आहे.’ मी काही बोलायच्या आत त्याच्याच शेजारणीने त्याला थांबवलं. तिचं आजोळ चिपळूणकडचं. ‘‘अरे, पुरुष मुंबईला असतात. गणपतीला मोजलं असतं तर आकडा बदलला असता.’’ रत्नागिरीतले चाकरमानी मुंबईच्या रकान्यात मोजले गेलेत, हे कोष्टकात कुठेही लिहिलेलं नाही. मुलींच्या जन्माबद्दल बोलायचं तर शून्य ते सहा वयोगटाचं गुणोत्तर वेगळं पाहावं लागतं, आणि तिथे बीडचं 807 दिसलं की वर्ग गप्प होतो. राज्याचं एकूण गुणोत्तर 929. जिल्ह्यांच्या गुणोत्तरांची नुसती सरासरी काढली तर ते तसं येत नाही. का येत नाही, ते या वेळी मला सांगावं लागलं नाही. ‘‘वीस हजार क्विंटल,’’ कुणीतरी म्हणालं.

चार

शंकांचा तास. घरी लॅपटॉप नसलेली मुलं थांबतात. बरीचशी मोबाइलवर गुगलचं कोलॅब उघडून अंगठ्याने प्रोग्रॅम लिहितात. छोट्या पडद्यावर ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा सांभाळणं म्हणजे तपश्चर्या. वर्गात बोलायला लाजणाऱ्यांना मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलचे मराठी धडे सुचवते. हवं तिथे थांबवता येतात, आणि थांबवल्याबद्दल कुणी हसत नाही.

साडेसहा: नोकरदारांची बॅच

दुपारपेक्षा वेगळं जग. दूध संस्थेचे सचिव, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, एका व्यापाऱ्याच्या पेढीतले मुनीम, पतसंस्थेतल्या ताई. चाळिशीच्या पुढचे बरेच. मुलांना प्रोग्रॅम पटकन येतो आणि आकड्यांचा अर्थ सांगावा लागतो. इथे उलटं आहे. आकडे यांच्या रक्तात आहेत, काळ्या पडद्याची मात्र धास्ती. एक्सेलमध्ये व्हीलुकअप डोळे मिटून लावतात आणि वर विचारतात, मग पायथन कशाला? प्रश्न रास्त आहे. पाचशे ओळींची एकच फाइल असेल तर एक्सेल पुरे, असं मी स्पष्ट सांगते. दर दहा दिवसांनी तेच काम करायचं असेल, किंवा बारा गावांच्या बारा फाइल एकत्र करायच्या असतील, तर एकदा प्रोग्रॅम लिहा. शिवाय एक्सेल मदत करायला फार उत्सुक असतं. काही मानवी जनुकांची नावं इंग्रजी महिन्यांसारखी दिसत, एक्सेल ती तारखांमध्ये बदलून टाकी, आणि अखेर 2020 मध्ये शास्त्रज्ञांना जनुकांचीच नावं बदलावी लागली. हे ऐकून मुनीमजी खूश झाले. त्यांच्या बिल क्रमांकांचंही तेच होत असे.

गुरुजींनी शाळेची जुनी यादी आणली होती. उघडली तर अगम्य इंग्रजी अक्षरं. ती जुन्या मराठी फाँटात टंकलेली होती, युनिकोडमध्ये नाही. पडद्यावर मराठी दिसतं ते केवळ त्या फाँटमुळे. आत साठवलेली अक्षरं रोमनच. आधी रूपांतर, मग पायथन. गुरुजी म्हणाले, ‘‘म्हणजे वीस वर्षं आम्ही मराठीचा नुसता देखावा टाइप केला.’’

मग दुधाचं बिल. सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट आणि एसएनएफप्रमाणे दर, दहा दिवसांचा पगार. सचिवांनी दर ठरवण्याचं फंक्शन स्वतः लिहिलं, आणि फार चांगलं लिहिलं, कारण नियम त्यांना तोंडपाठ होते. रक्कम रुपयांत पूर्ण करायला आलेलं राउंड फंक्शन त्यांनी अडीचवर चालवून पाहिलं. उत्तर दोन. साडेतीनवर चालवलं, चार. सचिव खुर्चीत ताठ बसले. ‘‘मॅडम, अडीचाचे दोन आणि साडेतीनाचे चार? सभासद मला गावात फिरू देणार नाहीत.’’ पायथन 3 नेमक्या अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो. पुष्कळ आकड्यांत अर्धे वर आणि अर्धे खाली गेल्याने बेरजेत कल राहत नाही, हा त्यामागचा विचार. संख्याशास्त्राला तो पटतो. दूध घालणाऱ्या माणसाला पटायचं कारण नाही. त्याच ओघात शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोन हे बरोबर शून्य दशांश तीन येत नाही, शेपटीला सतराव्या दशांश स्थळी चार उरतो, हेही दाखवलं. यंत्र दोनच्या पायावर मोजतं आणि आपला एक दशांश त्या पायावर नेमका मावत नाही. उपाय दोन: पैशांत पूर्णांक ठेवून हिशेब करा, किंवा पायथनचं डेसिमल वापरून अर्धा नेहमी वर न्यायचा असं बजावा. सचिवांनी दुसरा निवडला आणि प्रोग्रॅमच्या वर मराठीत टीप लिहिली: ‘संस्थेच्या रिवाजाप्रमाणे अर्धा रुपया सभासदाला.’ इतकी नेमकी टीप मी दिवसाच्या बॅचमध्ये अजून पाहिलेली नाही.

दहा

जेवणं आटोपल्यावर तपासणी. एकमेकांच्या नोटबुकची नक्कल ओळखणं सोपं असतं. तीन जणांनी ‘भाव’ एकाच चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेला सापडतो. अवघड असतं ते वेगळंच. ज्युपिटर नोटबुकमध्ये खणांत लिहिलेला प्रोग्रॅम कोणत्याही क्रमाने चालवता येतो. मुलं खालचा खण आधी, वरचा नंतर, मधला पुसून टाकलेला अशा अवस्थेत उत्तर मिळवतात आणि ते जपून पाठवतात. मी सगळं बंद करून पहिल्या खणापासून पुन्हा चालवते. चाललं तर गुण.

हा हट्ट माझा एकटीचा नाही. 2010 मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि वाढीचा दर यांवर निबंध लिहिला आणि अनेक देशांच्या धोरणचर्चेत तो वाजला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने वर्गातल्या अभ्यासासाठी तेच उत्तर पुन्हा काढून पाहिलं. जमेना. मूळ एक्सेल फाइल मिळाली तेव्हा दिसलं की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळीच आल्या नव्हत्या. इतर आक्षेपही होते आणि वाद पुढे बराच चालला, पण त्या पाच ओळींची चूक लेखकांनी मान्य केली. जिल्ह्यांच्या जोडणीत ओळी गळतात तेव्हा मी वर्गात ही गोष्ट सांगते, आणि मुद्दाम सांगते की पकडणारा विद्यार्थी होता.

आजच्या ढिगात एक आलेख आहे. भाव दुप्पट झाल्यासारखा दिसतो, कारण उभा अक्ष चौदाशेपासून सुरू केलाय. शेरा लिहिला: ‘अक्ष शून्यापासून काढून पाहा, मग मथळा बदल.’ पालघरवाल्या मुलींनी तालुक्यांची यादी पाठवली आहे. बरोबर आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे दूध संस्थेचं रजिस्टर असेल, पाणीपुरवठ्याची वही असेल, ग्रंथालयाची देवघेव किंवा शाळेची हजेरी असेल, तर आपल्या गावच्या कॉलेजातल्या संगणकाच्या शिक्षकाला तिची एक प्रत द्या. माणसांची नावं, फोन आणि खाते क्रमांक आधी काढून टाका. बाकी खाडाखोड, कोरे रकाने आणि शेरे आहेत तसेच राहू द्या, ते आम्हाला हवे आहेत.